प्रॉडक्ट फोटोग्राफी शिकताना: पुण्यातील एका स्टुडिओतील प्रशिक्षणाचा अनुभव

सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात मी पुण्यातील एका मार्केटिंग संस्थेच्या स्टुडिओत प्रशिक्षणार्थी म्हणून प्रॉडक्ट फोटोग्राफी, म्हणजे विकायच्या वस्तूंची छायाचित्रे काढणे, शिकले. वाणिज्य शाखेची पदवी, भावाचा जुना कॅमेरा आणि घरच्या कार्यक्रमांत काढलेली थोडी छायाचित्रे एवढ्या भांडवलावर मी तिथे गेले होते. त्याआधी मराठीतून माहिती शोधली, तेव्हा कोणता कॅमेरा घ्यावा यावर भरपूर लिहिलेले सापडले. पण नवशिक्याला स्टुडिओत नेमके कोणते काम दिले जाते, पैसे कधी हाती येतात, कोणती कागदपत्रे लागतात आणि शिकणे कोणत्या क्रमाने होते, याविषयी जवळजवळ काहीच मिळाले नाही. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी मी हे घडले त्या क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात अर्जापासून करते. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली होती. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास आणि किमान बारावी उत्तीर्ण या अटी होत्या; विद्यावेतन बारावी उत्तीर्णांना महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० रुपये आणि पदवीधरांना १०,००० रुपये होते. तेव्हा प्रशिक्षणाचा कालावधी सहा महिन्यांचा होता; पुढे तो ११ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आला. ‘महास्वयम’ पोर्टलवर नोंदणी करून नोंदणी क्रमांक मिळवायचा, तिथेच आस्थापनांनी जाहीर केलेल्या जागा पाहायच्या आणि अर्ज करायचा, अशी पद्धत होती. माझ्याकडे आधार कार्ड, गुणपत्रके आणि पासबुक तयार होते. अधिवास प्रमाणपत्र मात्र नव्हते. ते काढण्यासाठी गावाकडच्या सेतू केंद्रात अर्ज केला आणि हातात येईपर्यंत जवळपास दोन आठवडे गेले. जागा जाहीर झाल्यावर हे प्रमाणपत्र काढायला धावण्यात अर्थ नाही. ज्यांना पुढेमागे असा अर्ज करायचा आहे त्यांनी ते आधीच काढून ठेवावे.

मुलाखतीत मला माझ्या छायाचित्रांविषयी फारसे विचारले गेले नाही. स्टुडिओप्रमुख सरांनी खिडकीजवळच्या टेबलावर स्टीलचा एक पेला ठेवला आणि म्हणाले, “फोटो नंतर काढ. आधी या पेल्यात तुला काय काय दिसतंय ते लिहून दे.” मी लिहायला बसले. खिडकीची चौकट, टेबलाची कड, छताची ट्यूबलाइट, सरांचा निळा शर्ट, माझा हात, पेन असे करत पान जवळजवळ भरले. त्यानंतर त्यांनी माझ्याच मोबाइलवर पेल्याची काही छायाचित्रे काढायला लावली. चार दिवसांनी निवड झाल्याचा निरोप आला आणि गणपती बसल्यानंतरच्या सोमवारी, ९ सप्टेंबरला, मी रुजू झाले.

जवळपास पहिला महिनाभर कॅमेऱ्याला माझा हात लागला नाही. माझी जागा आवक टेबलावर होती. ग्राहकांकडून, म्हणजे आमच्याकडून छायाचित्रे काढून घेणाऱ्या उत्पादक-विक्रेत्यांकडून, आलेले खोके उघडायचे, प्रत्येक वस्तूची नोंदवहीत नोंद करायची, ती आली तेव्हा कोणत्या अवस्थेत होती याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवायचे, तिचा एसकेयू क्रमांक (प्रत्येक मालाचा वेगळा ओळख क्रमांक) चिठ्ठीवर लिहून लावायचा आणि शॉट लिस्टशी, म्हणजे काढायच्या चित्रांच्या यादीशी, ताडून पाहायचा. अवस्थेचे छायाचित्र काढणे हे मला सुरुवातीला निव्वळ औपचारिक वाटले होते, परंतु वस्तू परत पाठवताना पोचा कुठला, ओरखडा कुणाचा, असा प्रश्न निघाला की उत्तर त्याच छायाचित्रात असते.

त्यानंतर स्वच्छता. सुती हातमोजे, मायक्रोफायबरचे कापड, धूळ उडवण्याचा ब्लोअर, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, दुहेरी चिकटपट्टी, ब्लू टॅक (वस्तू जागेवर धरून ठेवणारा चिकट लगदा) आणि ग्लू गन एवढे सामान माझ्या ट्रेमध्ये असे. अल्कोहोलने बोटांचे ठसे आणि लेबलाच्या गोंदाचे डाग झटकन जातात, पण छापील लेबलाची शाईही निघू शकते, म्हणून आधी मागच्या कोपऱ्यात थोडेसे लावून पाहावे. साध्या डोळ्यांना दिसत नाही ती धूळ मॅक्रो लेन्समधून पाहिलेल्या चित्रात ठळक दिसते, आणि पुसायला अर्धे मिनिट लागते ती धूळ संगणकावर काढायला दहा मिनिटे लागतात. हे गणित स्टुडिओतील प्रत्येकाच्या डोक्यात पक्के असते आणि म्हणूनच नवीन माणसाला पहिल्यांदा कापड दिले जाते.

तो महिना मनाला जड गेला. आजूबाजूला सारखे शब्द कानावर पडत: पॅक शॉट, हीरो शॉट, कटर, बाउन्स, टेदर. कुणी शिकवायला थांबत नसे, कारण सप्टेंबर म्हणजे दिवाळीच्या कामाचा ऐन हंगाम. लोक दिवाळीत खरेदी करतात, पण त्यासाठी छायाचित्रे, जाहिराती आणि संकेतस्थळावरची पाने महिना-दीड महिना आधी तयार असावी लागतात. त्यामुळे बाहेर गणपतीच्या मिरवणुका चालू असताना आत चकली, चिवडा आणि अनारशांची पाकिटे रांगेने उभी होती. आपल्याला इथे फक्त पुसायलाच ठेवले आहे का, असे संध्याकाळी बसस्टॉपवर अनेकदा वाटले. त्या दिवसांत मला सावरले ते एका वहीने. प्रत्येक सेट मोडण्याआधी मी त्याचा वरून दिसणारा आराखडा काढत असे: वस्तू कुठे, दिवा कुठे, अंतर किती, मध्ये काय लावले आहे, कॅमेऱ्याचे आकडे काय. न समजलेले शब्द शेवटच्या पानावर लिहून ठेवत असे आणि जेवणाच्या सुट्टीत सेट सजवणाऱ्या ताईंना विचारत असे. त्या डबा खाता खाता शांतपणे समजावून सांगत.

पॅक शॉटपासून माझे खरे शिक्षण सुरू झाले. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे साधे चित्र हे सगळ्यात सोपे काम असेल, असा माझा समज होता. अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठेत मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचे मूल्य २५५, असावी लागते. वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापायचा असतो. चित्रावर वेगळा मजकूर किंवा बोधचिन्ह चालत नाही. आणि खरेदीदाराला चित्र मोठे करून पाहता यावे यासाठी लांब बाजू किमान १,००० पिक्सेलची लागते. कागद पांढरा असला म्हणजे चित्रात पांढरा येतो असे नाही. त्यावर पुरेसा उजेड नसेल तर तो करडा दिसतो. म्हणून पार्श्वभूमीवर दोन स्वतंत्र दिवे टाकतात आणि वस्तूवरच्या उजेडापेक्षा तिथला उजेड साधारण एक ते दीड स्टॉप जास्त ठेवतात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). त्याहून वाढवला की मागून येणारा उजेड वस्तूच्या कडा खाऊ लागतो आणि सगळे चित्र धुकट होते. वस्तू कागदापासून मीटर-सव्वा मीटर पुढे ठेवली की दोन्ही उजेड एकमेकांत मिसळत नाहीत आणि प्रत्येकावर वेगळा ताबा राहतो.

इथेच मला अंतराचे महत्त्व कळले. दिव्याचे वस्तूपासूनचे अंतर दुप्पट केले की वस्तूवर पडणारा उजेड निम्मा न होता एक चतुर्थांश होतो, हा नियम मी शाळेत पाठ केला होता. स्टुडिओत तो रोज डोळ्यांसमोर घडताना पाहिला. दिवा जवळ आणला की उजेड मऊ होतो आणि वस्तूच्या पुढच्या-मागच्या भागांत फरक वाढतो. दूर नेला की उजेड सपाट पण सावली टोकदार होते. कॅमेऱ्याचे आकडे त्या मानाने फार बदलत नसत. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) एफ ८ ते एफ १६ च्या दरम्यान, शटर १/१२५ किंवा १/१६० सेकंद. स्टुडिओतले फ्लॅशचे दिवे बंद करून एक चित्र घ्यायचे आणि ते पूर्ण काळे आले की खोलीतल्या ट्यूबलाइटचा कसलाही उजेड चित्रात येत नाही याची खात्री पटते, ही तपासणी आम्ही प्रत्येक सेटच्या सुरुवातीला करत असू. नवशिक्यांनी ती सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

फराळाच्या चकचकीत पाकिटांनी आम्हाला फार वेळ लावला. भरलेले पाकीट टेबलावर उभे केले की त्याला सुरकुत्या पडतात आणि प्रत्येक सुरकुती दिव्याचा एक पांढरा ओरखडा घेऊन येते. यावर उपाय असा की उत्पादकाकडून सील न केलेली पाकिटे मागवायची, आतून कापूस आणि कागद नीट भरून घ्यायचा, कडा मागे ओढून चिकटपट्टीने ताणायच्या आणि मगच समोर ठेवायचे. ग्राहकाला पहिल्याच निरोपात प्रत्येक मालाचे चार-पाच नमुने पाठवायला सांगावे.

पाकिटाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मला बिनमहत्त्वाचे वाटत होते. ताईंनी माझे मत बदलले. वैधानिक मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क ही माहिती पाकिटावर द्यावी लागते, आणि जानेवारी २०१८ पासून उत्पादनाचा महिना-वर्ष वगळता ती ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दाखवावी लागते. खाद्यपदार्थांवर त्याशिवाय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. मागच्या बाजूच्या चित्रात हे सगळे वाचता आले नाही तर ते चित्र कामाचे नाही. म्हणून तिथे आम्ही सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून कॅमेरा पाकिटाला अगदी समांतर लावत असू आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखा उजेड देत असू. अंतिम फाइल पाठवण्यापूर्वी ती मोबाइलवर उघडून परवाना क्रमांक वाचून पाहणे हे काम ऑक्टोबरपासून माझ्याकडे आले, आणि त्या जबाबदारीने मला पहिल्यांदा आपण संघाचा भाग आहोत असे वाटले.

विद्यावेतनाविषयी स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे, कारण अनेकांची पहिली काळजी तीच असते. आस्थापनेने महिन्याची हजेरी ऑनलाइन भरल्यावर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. माझी पहिली रक्कम मी दिलेल्या खात्यात दिसेना, तेव्हा बरेच दिवस अस्वस्थतेत गेले. नंतर समजले की आधारवर आधारित रक्कम त्या वेळी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि माझे आधार महाविद्यालयात शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या गावाकडच्या खात्याशी जोडलेले होते. पैसे तिथे सुखरूप होते. आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ या पर्यायात पाहता येते. अर्ज करतानाच ते पाहून घ्यावे. पहिली रक्कम हाती येईपर्यंत दोन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. माझा खोलीचा वाटा ४,५०० रुपये, खानावळीचे ३,२०० रुपये आणि बसचा खर्च वेगळा, म्हणजे विद्यावेतन मिळाल्यावरही हाती फार उरत नसे. काळी आणि पांढरी जाड कार्डे, फोम बोर्ड, बटर पेपर या सरावाच्या वस्तू मी अप्पा बळवंत चौकातून आणि वायर, होल्डर, एलईडी दिवे तपकीर गल्लीतून आणले. सगळे मिळून हजार रुपयांच्या आत बसले आणि खोलीवर सराव करता आला.

दिवाळी संपल्यावर स्टुडिओत शांतता आली आणि नोव्हेंबरच्या मध्याला सरांनी माझ्यापुढे तांब्याची भांडी ठेवली. कसबा पेठेतील तांबट आळीत हाताने ठोकून घडवलेली ती भांडी होती: दोन लोटे, एक घागर, एक पाण्याची बाटली आणि काही पेले. त्यांच्यावर मठारकाम केलेले होते, म्हणजे हातोड्याच्या ठोक्यांनी उमटवलेल्या लहान लहान खोलगट ठशांच्या ओळी. सर म्हणाले, “या आठवड्यात दुसरं काही करू नकोस. हे जमलं की बाकीचं आपोआप जमेल.” आठवडा पुरला नाही, पण त्यांचे म्हणणे खरे ठरले.

गुळगुळीत धातूवर उजेड पडतो तेव्हा डोळ्याला धातूपेक्षा त्यात उमटलेली आजूबाजूची खोली जास्त दिसते. दिवा नेमका कुठे ठेवला यापेक्षा धातूला काय दिसते आहे हे महत्त्वाचे ठरते. मुलाखतीतल्या त्या पेल्याचा हेतू मला या घागरीपाशी कळला. घागरीचा पोटाचा भाग इतका गोल असतो की जवळजवळ संपूर्ण खोली, कॅमेरा आणि त्यामागे उभी असलेली मी, सगळे त्यात उमटत होते. चकाकी कमी करायला पोलरायझर फिल्टर वापरावा असे मी वाचले होते. काच, प्लॅस्टिक, पाणी यांच्यावरच्या प्रतिबिंबांना तो ठरावीक कोनात रोखतो, पण उघड्या धातूवरच्या थेट प्रतिबिंबापुढे त्याचा उपयोग होत नाही. तेव्हा दिवा घागरीवर न टाकता घागरीच्या दोन्ही बाजूंना बटर पेपरचे मोठे पडदे उभे करायचे आणि त्या पडद्यांना मागून उजळायचे. घागरीला मग दिवा दिसत नाही, उजळलेला पडदा दिसतो. दिवा पडद्याच्या जवळ नेला की मध्यभागी तेज आणि कडेला हळूहळू मावळत जाणारा उजेड मिळतो, आणि त्या उतारामुळेच चित्रात गोलाई कळते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर घागरीची कड हरवू नये म्हणून चौकटीच्या अगदी बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या कराव्या लागतात. त्यांची बारीक काळी रेघ भांड्याच्या कडेने उमटते आणि आकार ठामपणे उभा राहतो. कॅमेऱ्याचे प्रतिबिंब लहान व्हावे यासाठी १०० मिलिमीटरची, म्हणजे दुरूनही वस्तू मोठी दाखवणारी, लेन्स लावून शक्य तितके मागे जायचे.

एवढे सगळे केल्यावर गुळगुळीत बाटली सुंदर आली. मठारकामाची घागर मात्र निस्तेज दिसत होती आणि त्याचे कारण शोधण्यात बराच काळ गेला. प्रत्येक ठसा हा स्वतंत्र छोटा वक्र आरसा असतो. सगळीकडे सारखाच पांढरा पडदा असेल तर प्रत्येक ठशात सगळीकडून पांढरेच दिसते, ठशाची खोली नाहीशी होते आणि कारागिराने तासन्‌तास ठोकून केलेले काम चित्रातून पुसले जाते. ठशाला थोडे पांढरे आणि थोडे काळे, दोन्ही दिसायला हवे. म्हणून मी एका बाजूचा पडदा काढून तिथे काळे कार्ड लावले आणि दुसऱ्या बाजूच्या पडद्यावर काळ्या कागदाच्या उभ्या पट्ट्या चिकटवल्या. त्याबरोबर प्रत्येक ठशाला एक उजळ आणि एक गडद कड आली आणि घागर जिवंत दिसू लागली. त्या दिवशी झालेला आनंद मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

तांब्याच्या बाबतीत आणखी एक अडचण वेळेची असते. चिंच-मीठ किंवा लिंबाने घासलेले भांडे पहिल्यांदा झळाळते, पण आम्लाचा अंश राहिला किंवा पाणी पूर्ण टिपले गेले नाही तर काही तासांत त्यावर गडद छटा येते. सेट आधी पूर्ण तयार ठेवायचा, सरावासाठी दुसरे भांडे वापरायचे, मुख्य भांडे शेवटी घासून, भरपूर पाण्याने धुऊन, कोरडे करून, हातमोजे घालूनच ठेवायचे, असा क्रम आम्ही ठरवला. भांड्यावर लाखेचा थर असेल तर घासणे टाळावे, फक्त पुसावे. हे उत्पादकाला विचारल्याशिवाय कळत नाही.

भांडी घडवणारे काका एका दुपारी स्टुडिओत आले. मी त्यांना पडद्यावर मोठे केलेले चित्र दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, “गळ्यापाशी बघ बाळा, तिथं हात वळवायला जागा नसते. ठोके बारीक येतात. तेवढं दिसू दे.” मी कॅमेरा थोडा वर घेतला आणि गळ्याजवळ एक छोटे पांढरे कार्ड लावले. ज्यांच्या हातातून वस्तू गेली आहे त्यांना एकदा तरी सेटवर बोलावावे, किंवा निदान फोनवर विचारावे, असे मी तेव्हापासून मानते. पुढे रिटचिंगच्या, म्हणजे संगणकावर चित्र दुरुस्त करण्याच्या, वेळी काही ठसे कमी-जास्त आकाराचे आहेत, ते सारखे करावेत, अशी सूचना आली. सरांनी ती मान्य केली नाही आणि मला ते मनापासून पटले. ठसे सारखे केले असते तर हाताने घडवलेले म्हणून विकल्या जाणाऱ्या भांड्याचा पुरावाच चित्रातून निघून गेला असता.

चित्र वस्तूशी किती प्रामाणिक असावे, या प्रश्नाची दुसरी बाजू जानेवारीत येवल्याच्या पैठण्यांच्या वेळी समोर आली. एक साडी धूपछाव रंगाची होती. अशा कापडात ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) रंग एक आणि बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) दुसरा असतो, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. आमची साडी समोरून जांभळी आणि तिरकी धरली की तांबूस दिसत होती. मग खरा रंग कोणता? आम्ही २४ रंगचौकटींचे कार्ड साडीशेजारी ठेवून पहिले चित्र घेतले, त्यावरून रंग जुळवले, संगणकाचा पडदा कॅलिब्रेट केला, म्हणजे खरे रंग दाखवेल असा लावून घेतला, तरी हा प्रश्न उरलाच. शेवटी असे ठरले की मुख्य चित्र समोरून घ्यायचे आणि दुसऱ्या चित्रात निऱ्या अशा रचायच्या की दोन्ही छटा एकाच वेळी दिसतील. पदराची मागची बाजूही स्वतंत्र घेतली, कारण हातमागावरच्या पैठणीच्या पदराची नक्षी उलट बाजूलाही तितकीच स्वच्छ असते आणि जाणकार गिऱ्हाईक तेच पाहते. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-वाणिज्य नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी सुसंगत असणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे आणि दाखवल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही. साडी परत येते तेव्हा विणकरापासून विक्रेत्यापर्यंत सगळ्यांचे नुकसान होते, हे तिथे बसून ऐकल्यावर रंग जरा उठावदार करण्याचा मोह माझ्यापुरता संपला. एक लहान सूचना: ग्राहकाने मोबाइलवर रंग चुकला आहे असे कळवले तर आधी त्याच्या फोनचा रात्रीचा पिवळट मोड चालू आहे का ते विचारावे.

काचेच्या बाटल्यांवर मी फार लिहीत नाही. मागून उजळ पार्श्वभूमी ठेवून कडा काळ्या कार्डांनी गडद करणे किंवा याच्या उलट गडद पार्श्वभूमीवर कडा उजळ करणे, या दोन पद्धती सरावाने लवकर येतात. रिटचिंगमध्ये पेन टूलने वस्तूची कड कापणे हे कंटाळवाणे पण अनिवार्य काम आहे, आणि वेबसाठी एसआरजीबी हे रंगांचे प्रमाण, छपाईसाठी छापखान्याने सांगितलेले रंगांचे प्रोफाइल, हा भेद पहिल्या दिवसापासून पाळावा.

फेब्रुवारीत मला छोटी कामे स्वतंत्रपणे मिळू लागली: संक्रांतीनंतर उरलेल्या तिळाच्या वड्यांची पाकिटे, साबण, मसाल्यांच्या बरण्या. ग्राहकाशी बोलताना आधी भीती वाटे. शॉट लिस्ट लेखी मंजूर करून घेतल्याशिवाय कॅमेरा लावायचा नाही, किती चित्रे, किती वेळा दुरुस्ती आणि फाइल कोणत्या मापाच्या हे ई-मेलवर ठरवायचे, या स्टुडिओच्या शिस्तीमुळे ती भीती बरीच कमी झाली.

मार्चमध्ये निघण्याच्या सुमारास दोन कागदांसाठी मी आधीपासून पाठपुरावा केला. पहिला कागद म्हणजे प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, ज्यावर नाव आधारप्रमाणेच आहे ना हे तपासून घ्यावे. दुसरा कागद पोर्टफोलिओच्या, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या संग्रहाच्या, परवानगीचा. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरी किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नियोक्त्याकडे जातो, आणि मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क ते काढून घेणाऱ्याकडे जातो. त्यामुळे आपण स्वतः काढलेले चित्र स्वतःच्या नावाने दाखवायलाही विचारावे लागते. मी स्टुडिओला आणि त्यांच्यामार्फत ग्राहकांना चित्रांच्या क्रमांकांसह ई-मेल लिहिला. खोलीवरच्या सेटसाठी तोवर साधा स्पीडलाइट (छोटा सुटा फ्लॅश), तो दुरून चालवणारा ट्रिगर आणि मजबूत ट्रायपॉड असे सामान सुमारे १२,००० रुपयांत घेतले होते. कॅमेरा भावाचाच आहे. तांब्याच्या भांड्यांची परवानगी आठवडाभरात आली. साडीविक्रेत्यांनी लग्नसराई संपेपर्यंत थांबायला सांगितले, म्हणून त्या पैठणीची चित्रे मी जूननंतर पोर्टफोलिओत घातली.